गॅरेजसाठी विनाइल : निवड मे महिन्यात, परीक्षा ऑगस्टमध्ये

गॅरेजची जमीन हा विषय आपल्या कुठल्याच सेमिस्टरला नाही. सिव्हिलवाले पाया शिकतात, कॉलम-बीम शिकतात, पण घरातला माणूस रोज ज्यावर पाय ठेवतो त्या फरशीच्या वाट्याला जेमतेम दोन लेक्चर्स येतात आणि त्यातलं एक ऑफ जातं. मराठी विभागासाठी काहीतरी दे, असा आग्रह झाला तेव्हा मी म्हणूनच हा विषय घेतला. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे कविता काही माझ्या हातून होणार नाही. गॅरेजबद्दल मात्र मी तासभर बोलू शकते, कारण सांगलीला मामाकडे मागचं वर्षभर जेवणाच्या टेबलावर हाच विषय चालू होता.

मामाचं गॅरेज १० फूट रुंद आणि २० फूट लांब आहे. त्यात एक छोटी हॅचबॅक, एक मोटरसायकल, मामीची स्कूटर आणि मागच्या भिंतीला आजोबांचं टेबल. आजोबांनी आयुष्यभर मोटार रिवाइंडिंग केलं. आज वय ७७, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी गल्लीतले मिक्सर आणि पाण्याचे पंप अजून त्यांच्याकडेच येतात. जमीन म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा कोबा. तडे गेलेले, ऑइलचे काळे डाग, झाडू मारला की सिमेंटची धूळ. मामीला ती स्वच्छ हवी होती. मामाला तोडफोड नको होती. आणि आजोबा घसरू नयेत ही सगळ्यांचीच काळजी, कारण या वयात एकदा पडणं म्हणजे काय ते आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिलेलं असेल. अशात शेजाऱ्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने त्याच्या गॅरेजचा फोटो पाठवला. राखाडी रंगाचा विनाइलचा रोल, नुसता अंथरलेला, वर चकचकीत गाडी. मामा म्हणाला, "बघ गं इंजिनिअर, असलं काही आपल्याकडे जमेल का?"

जमेल, पण आधी ही वस्तू कशासाठी निघाली ते समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेत, कॅनडात गॅरेज बहुधा घराला जोडलेलं असतं. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ आणि बर्फाचा चिखल चाकांना लागून गॅरेजमध्ये येतो आणि काँक्रीट खातो. म्हणून गाडीखाली एक न भिजणारं कातडं अंथरायचं, ही मूळ कल्पना. म्हणजे तिथला शत्रू वरून येतो. आपल्याकडे मीठ नाही, बर्फ नाही. आपल्याकडे पाणी खालून येतं. फोटो पाहून खरेदी करणाऱ्याच्या लक्षात हा फरक येत नाही आणि सगळा घोटाळा इथेच होतो.

आता थोडं मटेरियल. विनाइल म्हणजे पीव्हीसी, पॉलिव्हिनाइल क्लोराइड. आपल्या नळाचे पाइप ज्याचे असतात तेच, पण त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळून मऊ केलेलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरी बी. एफ. गुडरिच ही टायर कंपनी होती. तिथे वॉल्डो सेमन हे केमिस्ट रबर धातूला चिकटवण्यासाठी काही सापडतं का ते शोधत होते. त्या खटपटीत १९२६ साली मऊ पीव्हीसी हाती लागलं. हे नाव लक्षात ठेवा, टायरचा आणि विनाइलचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे आणि तो फार प्रेमाचा नाही.

आपल्याकडे बसमध्ये आणि रेल्वेच्या डब्यात पायाखाली जो जाड, खडबडीत पत्रा असतो तो याच जातीचा. त्यामुळे दुकानात "गॅरेज फ्लोअरिंग" मागितलं तर दुकानदार गोंधळेल, "बसमध्ये असतं तसलं मॅट" म्हटलं की लगेच रोल काढेल. भारतीय मानकही आहे, आयएस ३४६२, अस्तर नसलेल्या लवचिक पीव्हीसी फ्लोअरिंगसाठी. तो नंबर उच्चारला की निदान समोरचा माणूस आपल्याला गिऱ्हाईक म्हणून थोडं गंभीरपणे घेतो. अमेरिकन माहितीत जाडी "मिल"मध्ये असते. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटर समजू नका! ७५ मिल म्हणजे फक्त १.९ मिलिमीटर. घरातल्या खोलीसाठी लाकडाच्या डिझाइनचं जे स्वस्त विनाइल मिळतं ते बरेचदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं, वर छापलेला थर आणि खाली फोम. ते गॅरेजला चालणार नाही. गाडीच्या चाकाखाली फोम दबतो तो पुन्हा उठत नाही. गॅरेजला आरपार एकाच मटेरियलचा, फोम नसलेला, दोन मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा हवा.

एवढं समजलं की खरेदीला निघायचा मोह होतो. थांबा. आधी जमिनीला विचारा.

काँक्रीट दिसतं दगडासारखं, पण असतं स्पंजसारखं. त्यात केसांपेक्षा बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि जमिनीतली ओल त्यातून वर चढते. केशाकर्षण, बारावीला शिकलो तेच. जुन्या घरांत कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद घालण्याची पद्धत नव्हती. उघडा कोबा असेल तर ही ओल हवेत उडून जाते, आपल्याला कळतही नाही. त्यावर विनाइल टाकलं की वाट बंद. मग ओल पत्र्याखाली साठते, कुबट वास येतो, काळी बुरशी धरते. शिवाय पाण्याबरोबर आलेले क्षार पांढऱ्या पिठासारखे वर येतात. भिंतीला लोणा लागतो तसा जमिनीला लागतो. विनाइलला यातलं काहीच होत नाही, ते मजेत असतं. खराब होतो तो खालचा कोबा आणि घरातली हवा.

सांगलीत याला आणखी एक पदर आहे, काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरचा कोबा वर-खाली होतो आणि तडे जातात. प्रत्येक तडा म्हणजे ओलीसाठी वर यायचा जिना.

ओल आहे की नाही हे पाहायची परीक्षा इतकी सोपी आहे की तिला लॅब म्हणायची लाज वाटावी. दीड फूट बाय दीड फुटाचा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि किमान १६ तास तसाच सोडायचा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा गडद झाला, तर ओल वर येते आहे. अमेरिकेत याला रीतसर एएसटीएम डी ४२६३ असा नंबर आहे. आपल्याला पिशवी आणि टेप पुरे. तीन-चार ठिकाणी करावी, भिंतीजवळ एक नक्की.

मात्र ही परीक्षा कधी करायची, हे दुकानदार सांगत नाही. घराची कामं आपण उन्हाळ्यात काढतो. सुट्ट्या असतात, गवंडी मोकळा असतो, पाडव्यापासून ऑफर्स चालू असतात. मामाकडे मे महिन्यात चारही तुकडे कोरडे ठणठणीत निघाले. दुकानदाराचा माणूस म्हणाला, बघा साहेब, जमीन एकदम टॉप. मी म्हटलं, मामा, मे महिन्यात पास होण्यात काय मोठेपणा? ऑगस्टमध्ये पुन्हा करू. आजोबांनी माझी बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, मोटारचं इन्सुलेशन सुद्धा ओलाव्यात तपासतात तेव्हाच खरं कळतं. ऑगस्टमध्ये पुन्हा तुकडे चिकटवले. मागच्या भिंतीजवळचा जवळजवळ कोरडा, मधला किंचित दमट, आणि डाव्या भिंतीजवळचे दोन्ही आतून दवासारखे भिजलेले. डाव्या भिंतीबाहेर गच्चीचा पावसाचा पाइप थेट मातीत सुटला होता. तो लांब नेऊन गटारात सोडला, भिंतीलगतच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. त्याने फरक पडला, पण खालून येणारी ओल पूर्ण थांबली नाही. ती थांबणारही नाही.

यावर एक उपाय लोक सुचवतात, विनाइल चिकटवून टाका. ओल्या जमिनीवर हा उपाय वाईटच. नव्या-जुन्या सिमेंटमधून येणारं पाणी अल्कलाइन असतं, ते चिकटद्रव्याला मऊ करतं, आणि फुगे येतात. आणि सांगलीत तर एक फार सरळ कारण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीनही वर्षी कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. २०१९ ला मामाच्या गॅरेजमध्ये छातीएवढं पाणी होतं. चिकटवलेलं फ्लोअरिंग पुराच्या गाळातून गेलं की फाडून फेकण्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण खाली अडकलेला गाळ निघतच नाही. सुटा अंथरलेला पत्रा मात्र गुंडाळून वर नेता येतो. सांगलीचा पूर ढगफुटीसारखा अचानक येत नाही. कोयनेचा विसर्ग किती, आयर्विन पुलाजवळ पातळी किती, हे आकडे तासातासाला घराघरात फिरत असतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे तिथल्या लहान मुलांनाही पाठ. म्हणजे वेळ मिळतो. प्रश्न एवढाच की पत्रा उचलता येईल का?

इथे कॅल्क्युलेटर काढू. मऊ पीव्हीसीची घनता १.४ धरली तर दोन मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचं वजन २.८ किलो. पूर्ण गॅरेज साधारण १८.६ चौरस मीटर, म्हणजे ५२ किलो. जिन्यावरून हे न्यायला आपले मेसवाले काकाच हवेत. पण गाडीखाली फक्त २ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब पट्टा टाकला तर २८ किलो. मामा आणि मामी दोघं मिळून सहज नेतील. हॅचबॅकची दोन्ही चाकं दोन मीटरच्या पट्ट्यात आरामात बसतात, त्यामुळे सांधा चाकाखाली येण्याचा प्रश्नही मिटतो. आणि दोन्ही बाजूंना उघडा कोबा राहिला की ओलीला श्वास घ्यायला जागा राहते. "भिंतीपासून भिंतीपर्यंत" या हट्टाला मी तरी इथेच रामराम ठोकला.

लोकांना वाटतं गाडीच्या वजनाने पत्रा फाटेल. एस.ओ.एम. आठवा. गाडी ९०० किलोची, एका चाकावर सरासरी २२५. टायरमधला हवेचा दाब ३३ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. जमिनीवर पडणारा दाबही जवळपास तेवढाच, म्हणजे चाक सुमारे १०० चौरस सेंटिमीटरवर टेकतं, पोस्टकार्डापेक्षा थोडं लहान. विनाइलला हे काहीच नाही. खरा खलनायक मोटरसायकलचं साइड स्टँड. त्यावर समजा ३० किलो भार आला आणि तिरप्या स्टँडची फक्त २ चौरस सेंटिमीटर कड टेकली, तर दाब १५ किलो, गाडीच्या चाकाच्या सहापटीहून जास्त. त्यातून उन्हाळ्यात विनाइल मऊ झालेलं. खड्डा पडतोच. स्टँडखाली प्लायवुडचा तुकडा ठेवा, जॅकखालीही. शिवाय गाडी उभी असताना जागेवर स्टिअरिंग फिरवू नका. चाक पत्र्याला पीळ देतं आणि पुढे लाट उठते. सुट्या पत्र्याला हे जास्त लागू.

आता टायरचं प्रेमप्रकरण. टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात ओझोनपासून वाचवणारी रसायनं घालतात. ती हळूहळू रबरातून बाहेर येत राहतात, तेच त्यांचं काम. पण खाली मऊ विनाइल असलं की ती त्यात मुरतात आणि चाकाच्या जागी पिवळा-तपकिरी डाग उमटतो. गरम टायर, उभी गाडी, तेवढं लवकर. हा डाग पृष्ठभागावर नसतो, आत असतो, म्हणून साबण, रॉकेल, थिनर काहीही घासा, जाणार नाही. उलट पेट्रोल आणि थिनर पत्र्यातलं प्लॅस्टिसायझर ओढून काढतात आणि तिथे तो कडक होतो. टायर कंपनीच्या लॅबमध्ये मऊ झालेल्या विनाइलला टायरच डागाळतो, यात मला कुठेतरी काव्य दिसतं, पण कवितेचं मी वर सांगितलंच आहे. उपाय दोनच. गडद राखाडी रंग घ्या, किंवा चाकं थांबतात तिथे उरलेल्या पत्र्याचे तुकडे टाका, म्हणजे डाग त्यांच्यावर पडतील. रबरी पायपुसणं मात्र विनाइलवर नको. तेही तोच डाग देतं.

डिझाइनमध्ये तीन प्रकार नेहमी दिसतात. नाण्यासारखे गोल उंचवटे, हिऱ्यासारखे तिरके, आणि उभ्या रेघा. रेघांचं बरं असं की गॅरेजला दरवाज्याकडे उतार असेल आणि रेघा त्याच दिशेने ठेवल्या तर गाडीवरून निथळलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. आडव्या ठेवल्या तर प्रत्येक रेघ एक छोटं धरण. नाण्यांवर झाडू चांगला फिरतो पण पाणी साचून राहतं. मामीने झाडूचा मुद्दा मांडला, मामाने पाण्याचा. पाणी जिंकलं, कारण उतार आधीच होता.

घसरण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं बनलं. विनाइलच्या जाहिरातीत "ॲन्टी-स्किड" शब्द असतोच. नुसत्या पाण्यावर उंचवट्यांचा उपयोग होतो हे खरं. पण कोबा ऑइल पितो, विनाइल पीत नाही. कोब्यावर सांडलेल्या ऑइलचा डाग होतो, विनाइलवर त्याची घसरगुंडी होते. आजोबांच्या कोपऱ्यात वंगण, वॉर्निश, सोल्डरिंगची बंदूक, तांब्याच्या तारेचे तुकडे, सगळं जमिनीवर येणार. शिवाय पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. शुद्ध रेझिनसाठी हिशोब करा, ६२.५ पैकी ३५.५, म्हणजे जवळपास ५७ टक्के. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे नाकाडोळ्यांत आम्ल. ग्राइंडरच्या ठिणग्या, सोल्डर, आणि इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर तिचं चार्जिंग, या जागांवर पत्रा नकोच. आणि कापलेल्या पत्र्याची कड जरा वर उचलली की तिथे चप्पल अडकते. लंगडणाऱ्या माणसाची तर हमखास. म्हणून आजोबांचा कोपरा आणि दारापासून तिथपर्यंतची चालण्याची वाट उघड्या कोब्याचीच ठेवली. तडे पॉलिमर घातलेल्या मसाल्याने भरले, पृष्ठभाग मुद्दाम थोडा खरखरीत सोडला. ज्या माणसाच्या काळजीने विनाइलचा विषय निघाला, त्याच्याच पायाखाली ते नाही. मामीला हे आधी पटलं नाही. आजोबांना लगेच पटलं.

दुकानात गेलात तर तळहाताएवढा नमुना मागून घ्या आणि दोन गोष्टी करा. एक, घट्ट घडी घाला. घडीवर पांढरी रेघ उमटली किंवा चीर गेली तर त्यात खडूची भुकटी जास्त घातलेली आहे. दोन, जाडी स्वतः मोजा. वर्कशॉपचं व्हर्निअर कॅलिपर एक दिवस घरी नेलं तर सर काही म्हणत नाहीत, विचारून न्यावं. उंचवट्याच्या माथ्यावर नाही, खोलगट भागात मोजा. दोन मिलिमीटर म्हणून विकलेला पत्रा दोन रेघांच्या मधे किती भरतो ते बघण्यासारखं असतं.

अंथरताना रोल आधी दिवसभर उन्हात मोकळा पसरून ठेवावा, म्हणजे गुंडाळीचा बाक जातो. मऊ पीव्हीसी तापमानाला बरंच वाढतं. ५ मीटर लांबी, २५ अंशांचा फरक आणि अंशाला मीटरमागे ०.१ मिलिमीटर धरली तर साडेबारा मिलिमीटर. थंडीत भिंतीला टेकवून कापलेला पत्रा मे महिन्यात मधे फुगणार हे ठरलेलं. मामाकडे मागच्या टोकाला दोन सेंटिमीटर जागा सोडली आणि दाराकडच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली, तीही स्क्रूने, म्हणजे गरज पडली की निघेल.

पट्टा दिवाळीनंतर टाकला. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढायची, अर्धा पट्टा उलटून खालचा कोबा संध्याकाळपर्यंत वाळू द्यायचा, पुढच्या खेपेला दुसरा अर्धा, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. आणि आयर्विनला पाणी ३५ फुटांवर गेलं की स्क्रू काढून पट्टा गुंडाळायचा आणि जिन्याने वर. मामीने त्यासाठी वरच्या पॅसेजमधला जुना पलंग आधीच विकून टाकला आहे.